इंग्रजीतले नकारी उपसर्ग: कुठून आले आणि नेमके कसे वापरावेत

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहायला सांगितले की मराठवाड्यातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी बहुधा पाठांतरावर विसंबतो. 'हॅपी'ला 'अन', 'पॉसिबल'ला 'इम', 'लीगल'ला 'इल', 'ऑनेस्ट'ला 'डिस' अशी यादी वहीत उतरवली जाते, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकली जाते आणि यादीबाहेरचा शब्द आला की गाडी अडते. यादी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्यामागची व्यवस्था कळली तर निम्म्या पाठांतराची गरज उरत नाही, आणि ही व्यवस्था आपल्याला परकी मुळीच नाही. 'अशक्य' आणि 'अनावश्यक', 'नापसंत' आणि 'बेजबाबदार', 'गैरहजर' आणि 'बिनशेती' हे शब्द आपण रोज वापरतो. त्यांतला कोणता उपसर्ग कोणत्या शब्दाला लागतो हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते, तरीही आपले सहसा चुकत नाही. इंग्रजीतही हा निर्णय बऱ्याच अंशी शब्दाच्या कुळावर होतो. म्हणून आधी कुळ पाहावे, मग शब्दाचा शेवट पाहावा आणि त्यानंतर अर्थाची छटा तपासावी.

आधी कुळ

संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषा, या सगळ्या एकाच प्राचीन भाषेतून फुटल्या असे तुलनात्मक भाषाशास्त्र मानते. त्या मूळ भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तिला आद्य-इंडो-युरोपीय असे नाव दिलेले आहे आणि तिचे रूप तिच्या वंशजांची तुलना करून उभे केलेले आहे. तिच्यात नकार दाखवणारा एक अनुनासिक ध्वनी शब्दाच्या आरंभी लागत असे. तोच ध्वनी संस्कृतात 'अ' किंवा 'अन्' झाला, ग्रीकमध्येही 'अ' किंवा 'अन्' झाला, लॅटिनमध्ये 'इन' झाला आणि जर्मानिक भाषांत 'उन' झाला, ज्याचा आजचा इंग्रजी उच्चार 'अन' असा होतो.

पाणिनीने या नकाराला 'नञ्' म्हटले आणि त्याचे वर्तन दोन छोट्या सूत्रांत बांधले. 'नलोपो नञः' या सूत्राने नञ् मधला न गळतो आणि 'अशक्य', 'अपूर्ण' असे शब्द तयार होतात. 'तस्मान्नुडचि' या सूत्राने पुढे स्वर असेल तर न परत येतो आणि 'अनावश्यक', 'अनुचित', 'अनेक' ही रूपे मिळतात. शाळेत नञ् तत्पुरुष समास शिकलेल्या विद्यार्थ्याला ग्रीकमधून आलेला इंग्रजी उपसर्ग वेगळा शिकवावाच लागत नाही, कारण तिथेही हाच नियम आहे. पुढे व्यंजन असेल तर 'ए': 'एटिपिकल', 'एसिमेट्रिकल', करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला 'एसिम्प्टमॅटिक'. पुढे स्वर असेल तर 'ॲन': 'ॲनार्की', आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात ऐकू येणारा 'ॲनिमिया', ज्याचा मूळ अर्थ रक्ताचा अभाव. 'ए' आणि 'ॲन' या इंग्रजी उपपदांशी याची गल्लत मात्र करू नये. ती उपपदे 'वन' या शब्दाची झिजलेली रूपे आहेत.

एकाच मुळातून आलेल्या या नकारी उपसर्गांच्या बहिणींपैकी 'अन' ही इंग्रजीची जन्मजात. जुन्या इंग्रजीत ती विपुल वापरात होती. 'इन' मात्र नंतर आली, आणि ती कशी आली हे मराठवाड्यातल्या वाचकाला लवकर समजेल. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दरबार, न्यायालय आणि उच्चवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयात इंग्रजी बोलण्याचा कायदा व्हायला 1362 उजाडले. या काळात आणि पुढे विद्वानांच्या लॅटिनमुळे हजारो शब्द इंग्रजीत शिरले आणि आपापले नकार सोबत घेऊन आले. आपल्याकडे 1347 मध्ये दौलताबादेत बहमनी सत्तेचा पाया घातला गेला आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. एवढ्या शतकांत फारसी आणि अरबी शब्द मराठीत आले ते 'ना', 'बे' आणि 'गैर' घेऊनच: 'नाराज', 'बेइमान', 'गैरहजर'. म्हणजे ज्याची सत्ता त्याचे शब्द, आणि ज्याचे शब्द त्याचे उपसर्ग, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच घडली.

पुढची पायरीही सारखीच आहे. उपसर्ग एकदा रुळला की तो परक्या कुळातल्या शब्दांनाही लागू लागतो. 'गैरसमज' आणि 'गैरसोय' यांत अरबी उपसर्ग देशी शब्दांना जोडलेला आहे, आणि 'नापास' या शब्दात तर फारसी 'ना' चक्क इंग्रजी 'पास'ला लागला आहे. इंग्रजीचा देशी 'अन'ही असाच उदार आहे. फ्रेंचमधून आलेल्या 'सर्टन', 'एबल', 'जस्ट', 'प्लेझंट' यांना तो सहज लागतो. लॅटिनचा 'इन' मात्र आपल्या कुळाबाहेर फारसा जात नाही. 'इनट्रू' किंवा 'इनकाइंड' असे शब्द कधी झाले नाहीत. यातूनच व्यवहाराचा पहिला नियम मिळतो: साधा, रोजच्या बोलण्यातला, देशी इंग्रजी शब्द असेल तर 'अन' लावावा. 'अनट्रू', 'अनकाइंड', 'अनवाइज', 'अनलाइक', 'अनलकी', 'अनहेल्दी'. जोड्या करून पाहिल्या तर हे आणखी स्पष्ट होते. 'लॉ' हा शब्द जुन्या इंग्रजीत नॉर्स या जर्मानिक भाषेतून आलेला, म्हणून 'अनलॉफुल'. 'लीगल' लॅटिन, म्हणून 'इल्लीगल'. 'रीड' देशी, म्हणून 'अनरीडेबल'. त्याच आशयाचा लॅटिन शब्द 'इलेजिबल'. 'बिलीव्ह' देशी, म्हणून 'अनबिलीव्हेबल'; लॅटिन जोडीदार 'इनक्रेडिबल'.

'इन'चे रूप का बदलते

'इम', 'इल' आणि 'इर' हे वेगळे उपसर्ग म्हणून शिकवले जातात, आणि इथेच मुलांवर नाहक ओझे पडते. तो एकच 'इन' आहे. पुढच्या वर्णाच्या ओढीने त्याचा न बदलतो. आपण 'चंद्र' म्हणताना अनुस्वाराचा उच्चार न् करतो आणि 'चंपा' म्हणताना तोच अनुस्वार म् होतो, कारण प उच्चारण्यासाठी ओठ आधीच मिटायला लागलेले असतात. 'इन'चे नेमके हेच होते: प, ब, म यांच्यापूर्वी तो 'इम' होतो आणि 'इम्पॉसिबल', 'इम्बॅलन्स', 'इमॉरल' हे शब्द मिळतात. 'तत्' आणि 'लीन' मिळून 'तल्लीन' होते, 'उत्' आणि 'लंघन' मिळून 'उल्लंघन' होते. तसेच ल पूर्वी 'इन'चा 'इल' होतो: 'इल्लीगल', 'इल्लिटरेट', 'इल्लॉजिकल'. र पूर्वी 'इर': 'इर्रेग्युलर', 'इर्रिस्पॉन्सिबल', 'इर्रेलेव्हंट'. संधी पाठ असलेल्या मुलाला हे एकदा दाखवले की पुरते.

ही संधी लॅटिनमध्येच झालेली होती आणि असे बरेचसे शब्द तयार रूपातच इंग्रजीला मिळाले, त्यामुळे देशी 'अन'ला ती कधीही लागू होत नाही. 'अनपेड', 'अनबॅलन्स्ड', 'अनलिमिटेड', 'अनरिअल' यांत 'अन' जसाच्या तसा राहतो. म्हणून 'प ने सुरू होणाऱ्या शब्दाला इम लावावा' असा उलटा नियम कुणी सांगितला तर तो स्वीकारू नये. 'अनपॉप्युलर' आणि 'अनप्लेझंट' तिथेच तो मोडतात. पुढचे अक्षर उपसर्गाचे रूप ठरवते, उपसर्गाची निवड ठरवत नाही.

स्पेलिंगची नेहमीची अडचणही याच जागी सुटते. उपसर्ग आणि शब्द वेगवेगळे लिहून मग जोडावेत, मधले एकही अक्षर गाळू नये. 'इल' आणि 'लीगल' जोडल्यावर दोन एल येतात, 'अन' आणि 'नेसेसरी' जोडल्यावर दोन एन येतात, 'डिस' आणि 'सॅटिस्फाइड' जोडल्यावर दोन एस येतात. 'डिस' आणि 'अपिअर' जोडल्यावर मात्र एस एकच, कारण 'अपिअर' एस ने सुरू होतच नाही.

मग शब्दाचा शेवट

कुळ ओळखता येत नसेल तर शब्दाच्या शेवटाकडे पाहावे. ई-डी किंवा आय-एन-जी यांनी संपणारे विशेषण असेल तर बहुतेक वेळा 'अन' बरोबर ठरतो, मग मूळ धातू कितीही लॅटिन का असेना: 'अनडिव्हायडेड' पण 'इनडिव्हिजिबल', 'अनडायजेस्टेड' पण 'इनडायजेस्टिबल', 'अनडिसायडेड' पण 'इनडिसायसिव्ह'. उलट, आय-बी-एल-ई अशा शेवटाचे शब्द जवळजवळ नेहमी 'इन' किंवा त्याची बदललेली रूपे घेतात: 'इनव्हिजिबल', 'इनफ्लेक्सिबल', 'इम्पॉसिबल', 'इर्रिस्पॉन्सिबल'. ए-बी-एल-ई या शेवटावर मात्र विसंबू नये, तिथे दोन्ही चालतात: 'अनब्रेकेबल', 'अनथिंकेबल', पण 'इनकेपेबल', 'इनक्युरेबल'.

एक नियम मला फार उपयोगाचा वाटतो आणि तो पुस्तकांत क्वचितच दिलेला असतो: शब्दच 'इन' किंवा 'इम' ने सुरू होत असेल तर त्याला दुसरा 'इन' लागत नाही, 'अन' लागतो. 'अनइम्पॉर्टंट', 'अनइंटरेस्टिंग', 'अनइंटेन्शनल', 'अनइमॅजिनेबल'. आय-बी-एल-ई चा नियम मोडणारा 'अनइंटेलिजिबल' हा शब्दही याच कारणाने तसा झाला आहे, कारण 'इन' पाठोपाठ 'इन' कानाला सोसत नाही.

नाम आणि विशेषण यांत उपसर्ग बदलतो तेव्हा विद्यार्थी हमखास चुकतात. विशेषण 'अनेबल', नाम 'इनॅबिलिटी'. विशेषण 'अनजस्ट', नाम 'इनजस्टिस'. विशेषण 'अनईक्वल', नाम 'इनइक्वॉलिटी'. विशेषण 'अनस्टेबल', नाम 'इनस्टेबिलिटी'. यामागचे कारण असे की ही नामे लॅटिन किंवा फ्रेंचमधून 'इन'सह तयार आली, तर विशेषणांना इंग्रजांनी आपला घरचा 'अन' लावला. 'अनसर्टन' आणि 'अनसर्टन्टी' ही जोडी अपवाद म्हणून वेगळी लक्षात ठेवावी.

इंग्रजांचाही यात गोंधळ झालेला आहे, हे सांगितल्याने मुलांची भीती कमी होते. 1611 च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये 'अनपॉसिबल' छापलेले आहे. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाच्या अविच्छेद्य हक्कांसाठी 'अनएलिएनेबल' असे आहे, तर जेफरसनच्या मसुद्यात त्याच जागी 'इनएलिएनेबल' होते. आज हेच दुसरे रूप रूढ आहे.

उपसर्ग खरोखर आहे का

'अनुचित' मध्ये 'अन्' आहे, पण 'अनुमती' आणि 'अनुवाद' यांत नाही; तिथे 'अनु' हा वेगळा उपसर्ग आहे. इंग्रजीतही दिसण्यावरून फसू नये. 'युनॅनिमस' हा शब्द यू-एन ने सुरू होतो, पण त्यातला आरंभ लॅटिनच्या 'एक' या अर्थाच्या शब्दाचा आहे आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'एकमताने' असा आहे. 'युनिफॉर्म' आणि 'युनियन' यांतही तोच 'एक' आहे. 'अस्लीप' आणि 'अलाइव्ह' यांतला आरंभीचा ए नकारी नाही.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद रस्त्यावर दिसतो. मनमाडजवळच्या पानेवाडीतून मराठवाड्याकडे निघणाऱ्या इंधनाच्या टँकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. इथला 'इन' नकारी नाही. लॅटिनमध्ये 'आत' या अर्थाचा दुसरा एक 'इन' होता, जो 'इम्पोर्ट' आणि 'इन्क्लूड' मध्ये दिसतो. 'इन्फ्लेमेबल' हा शब्द त्या 'इन'चा, आणि अर्थ 'चटकन पेट घेणारे'. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने 1920 च्या दशकात त्याऐवजी 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या पदार्थाला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. 'इनव्हॅल्युएबल' मध्ये मात्र 'इन' नकारीच आहे, पण अर्थ 'बिनकिमतीचे' असा नसून 'ज्याचे मोल करता येत नाही ते', म्हणजे आपला 'अमूल्य'. 'इन्फमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. त्याचा उच्चारही 'इनफेमस' असा नाही, पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'इन्फमस' असा करावा.

क्रियापदांचा 'अन' वेगळा

'अनहॅपी' मधला 'अन' आणि 'अनलॉक' मधला 'अन' दिसायला एक असले तरी मुळात दोन आहेत. विशेषणांचा 'अन' म्हणजे 'नसलेला'. क्रियापदांचा 'अन' जुन्या इंग्रजीतल्या वेगळ्या उपसर्गातून आला, तो ग्रीक 'अँटी'चा नातलग, आणि त्याचा अर्थ 'केलेली क्रिया उलटवणे' असा आहे. 'अनलॉक' म्हणजे कुलूप न लावणे नव्हे, लावलेले उघडणे. 'अनटाय', 'अनपॅक', 'अनलोड', 'अनफोल्ड' आणि मोबाइलमुळे सर्वांच्या तोंडी असलेले 'अनइन्स्टॉल', 'अनम्यूट', 'अनफॉलो' हे सगळे याच जातीचे. म्हणून हा 'अन' उलटवता येणाऱ्या क्रियेलाच लागतो. 'मी गेलो नाही' हे सांगायला 'गो'ला 'अन' लावता येत नाही, तिथे 'डिड नॉट' हवे.

दोन्ही 'अन' एकत्र आले की शब्द द्व्यर्थी होतो. 'अनलॉकेबल' म्हणजे कुलूप लावताच येत नाही असे, किंवा कुलूप उघडता येते असे. कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यावरून ठरते. 'अनडन' हा शब्दही काम अपुरे राहिले तेव्हा चालतो आणि शर्टाची बटणे सुटली तेव्हाही चालतो.

अर्थाची छटा

संस्कृत वैयाकरणांनी नञ् चे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, तदन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. इंग्रजी उपसर्गांतला फरक समजून घ्यायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. 'नॉन' हा उपसर्ग जवळजवळ सर्वस्वी तदन्यत्वाचा आहे, म्हणजे 'त्याहून वेगळे' एवढेच तो सांगतो, दोष देत नाही. तो लॅटिनमधून, न्यायालयातल्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला आणि आजही त्याचा स्वभाव कागदोपत्री वर्गवारी करण्याचा आहे. महाविद्यालयातला 'नॉन-टीचिंग स्टाफ' म्हणजे शिक्षकेतर कर्मचारी. तिथे 'इतर' हा शब्द अचूक बसतो. तहसीलमधून काढायचे 'नॉन-क्रीमी लेयर' प्रमाणपत्र, लातूर किंवा नांदेडच्या कडेने पडलेले 'एनए' म्हणजे 'नॉन-ॲग्रिकल्चरल' भूखंड, हे सगळे वर्गवारीचे शब्द आहेत. सरकारी मराठीत त्या भूखंडाला 'अकृषिक' म्हणतात आणि बोलण्यात 'बिनशेती', पण दोन्हींत शेतीची निंदा नाही.

'अन' आणि 'इन' यांत मात्र विरोध किंवा अप्राशस्त्य बहुधा असते. 'नॉन-सायंटिफिक' विषय म्हणजे विज्ञानेतर विषय, जसा इतिहास किंवा साहित्य; 'अनसायंटिफिक' विधान म्हणजे अवैज्ञानिक, चुकीच्या पद्धतीचे. 'नॉन-ह्यूमन' म्हणजे मानवेतर, 'इनह्यूमन' म्हणजे अमानुष. 'नॉन-प्रोफेशनल' म्हणजे त्या व्यवसायातला नसलेला, 'अनप्रोफेशनल' म्हणजे व्यावसायिक शिस्त न पाळणारा. अर्जात किंवा तक्रारीत यांची अदलाबदल झाली तर साध्या माहितीचा आरोप होतो. 'इमॉरल' म्हणजे नीतीच्या विरुद्ध, 'एमॉरल' म्हणजे जिथे नीती-अनीतीचा विचारच लागू होत नाही.

'डिस' हा लॅटिनचा, मूळ अर्थ 'दूर, वेगळे' असा. तो क्रियापदांना मोकळेपणाने लागतो, जसे 'डिसअग्री', 'डिसओबे', 'डिसकनेक्ट', आणि 'डिसऑनेस्ट', 'डिसलॉयल' अशा काही विशेषणांना. 'मिस' खऱ्या अर्थाने नकारी नाही, तो 'चुकीचे' सांगतो. या दोघांचा आणि 'अन'चा फरक 'यूज्ड' या एका शब्दावर तपासून पाहावा. गावाबाहेरची जी बारव पूर्वी पाणी भरायला वापरात होती आणि आता नाही, ती 'डिसयूज्ड'. दुकानातून आणलेली आणि अजून न उघडलेली वही 'अनयूज्ड'. रस्त्यासाठी आलेला आणि भलतीकडेच खर्च झालेला निधी 'मिसयूज्ड'. तसेच 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला. 'डिसइंटरेस्टेड' या शब्दाचा काटेकोर अर्थ 'स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नसलेला, निःपक्षपाती' असा आहे. भांडण मिटवायला पंच हवा असेल तर तो 'डिसइंटरेस्टेड' असावा, 'अनइंटरेस्टेड' असून उपयोग नाही.

सरावासाठी पुस्तकातल्या यादीपेक्षा शिष्यवृत्तीच्या किंवा भरतीच्या ऑनलाइन अर्जांवर येणारे शेरे घ्यावेत, कारण तिथे चूक महाग पडते. 'इनकम्प्लीट' म्हणजे अर्ज अपुरा, 'अनसाइन्ड' म्हणजे सही नाही, 'इनव्हॅलिड' म्हणजे दस्तऐवज ग्राह्य नाही. याशिवाय या शेऱ्यांत कानाला जवळजवळ सारखे वाटणारे आणखी तीन शब्द येतात, ते नीट तोडून वाचावेत. 'एलिजिबल' म्हणजे पात्र. तो ई ने सुरू होतो आणि त्याला नकारी उपसर्ग नाही. 'इनएलिजिबल' म्हणजे अपात्र. ई च्या आधी आय-एन आहे. 'इलेजिबल' यात आय आणि मग दोन एल आहेत, म्हणजे 'लेजिबल'ला लागलेला 'इन', जो ल पूर्वी 'इल' झाला. अर्थ 'वाचता येत नाही'. जातीच्या दाखल्यापुढे हा तिसरा शब्द आला तर उमेदवार अपात्र ठरलेला नसतो, फक्त दाखल्याची प्रत पुसट आलेली असते, आणि मुदतीच्या आत ती पुन्हा स्वच्छ स्कॅन करून चढवायची असते.